पीचचा डोळा कधी भरावा?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पीचच्या खुंटावर, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम करायचे त्या रोपावर, डोळा भरला, म्हणजे हव्या जातीची कळी त्याच्या सालीखाली बसवली, तर हा डोळा त्याच हंगामात फुटतो आणि थंडीपर्यंत रोप हाती येते. पण वाढीला दिवस कमी मिळाल्याने ते बारीक राहते. घाई नसेल तर उन्हाळा सरताना भरावा, मला तरी हेच पटते. डोळा हिवाळाभर सुप्त राहतो, वसंतात त्याच्या वरचा खुंट छाटला की मुळांची सगळी ताकद त्यालाच मिळते आणि हंगामभरात जाड, उंच रोप तयार होते. लवकर भरायचाच असेल, तर डोळ्याखालची खुंटाची काही पाने जरूर राखा. नवा फुटवा पाने धरेपर्यंत मुळांना तीच पोसतात. आणि साल लाकडापासून सहज सुटत नसेल, तर त्या दिवशी चाकू लावूच नका.