घरी बांधलेल्या मोटारीसाठी प्रोपेलर शाफ्ट आखूड करताना

जुन्या जीपचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारी लांब नळी) घरी बांधलेल्या मोटारीला बसवायचा असेल, तर गाडी जॅकवर उचललेली असताना माप घेऊ नये. चारही चाके जमिनीवर आणि स्प्रिंगा वजनाने दबलेल्या असताना गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचे (चाकांच्या आसावरच्या गिअरपेटीपर्यंतचे) अंतर मोजावे व स्लिप जॉइंटला (शाफ्टच्या सरकत्या सांध्याला) आत सरकण्यासाठी साधारण 25 मिलिमीटर जागा ठेवावी.

कापण्यापूर्वी नळीवर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ कोरून घ्यावी, कारण दोन्ही योक (नळीच्या टोकांचे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत राहिले नाहीत, तर एका क्रॉसमुळे (योकात बसणाऱ्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या सांध्यामुळे) वेगात होणारा चढउतार दुसऱ्या क्रॉसमुळे भरून निघत नाही आणि गाडी थरथरते. धुळ्यातल्या आमच्या शेडमध्ये पहिल्या शाफ्टवर ही रेघ मी खडूने मारली होती; ग्राइंडर फिरवताना ती पुसली गेली आणि सगळे काम पुन्हा करावे लागले. नळी मध्यावर कापू नये. टोकाचे जुने वेल्डिंग लेथवर सोलून योक मोकळा करावा, नळी कापून योक पुन्हा बसवावा, समोरासमोर वेल्डिंगचे चार छोटे टाके मारावेत, शाफ्ट फिरवून डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) त्याची डगमग अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणावी आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. अर्थिंगचा क्लॅम्प नळीलाच लावावा. करंट क्रॉसमधून गेला, तर आतले सुई-बेअरिंग खराब होते.

बॅलन्सिंग, म्हणजे फिरताना शाफ्टचे वजन सगळीकडे समतोल करणे, मात्र टाळू नये. मुंबई-आग्रा महामार्गालगत ट्रकचे शाफ्ट दुरुस्त करणाऱ्यांकडे त्याचे मशीन आहे का, हे कापण्याआधीच विचारून ठेवावे.