क्रीडा कार्यालयाचं कपाट संगणकात आणायचंय? मग असं करा

सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवू नका. आधी कपाट उघडा.

मी एका जिल्हा क्रीडा कार्यालयात लिपिक आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे भरती निघाली की जुन्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू होते. २००९ च्या शालेय खो-खोचं निकालपत्रक हवं म्हणून एक मुलगा आमच्या व्हरांड्यात दोन दिवस बसून होता. सापडलं ते टेबल टेनिसच्या गठ्ठ्यात, तेही कोपऱ्याला वाळवी लागलेलं. नाव तेवढं शाबूत होतं.

म्हणून निकालपत्रक आणि प्रवेशिका, दोन्ही स्कॅन करा. जन्मतारीख प्रवेशिकेवर असते, आणि १४, १७, १९ वर्षांच्या गटांतली सगळी भांडणं तिच्यावरूनच होतात. मोबाईल चालेल; खिडकीजवळ धरा, फ्लॅश बंद. फाईलचं नाव ठरलेल्या क्रमानेच द्या: वर्ष, स्तर, खेळ, वयोगट, मुलं की मुली. ‘नवीन फायनल २’ असं नाव दिसलं की मला घाम फुटतो.

मग एक्सेल. एका खेळाडूला एक ओळ. आडनाव, नाव, वडिलांचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत. कागदावर ‘ओमकार’ असेल तर ‘ओमकार’च लिहा, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या याद्या युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा, नाहीतर शोधून काही सापडत नाही. रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, तेवढी डोळ्यांनी तपासा. प्रत कार्यालयाच्या ईमेलवर ठेवा. लिपिकाच्या स्वतःच्या खात्यावर ठेवली तर बदलीबरोबर पासवर्डही जातो.

नव्या प्रमाणपत्रावर क्यूआर छापणार असाल तर तो स्कॅन केल्यावर कार्यालयाच्या संकेतस्थळावरची नोंद उघडली पाहिजे. नुसतं नाव दाखवणारा क्यूआर कुणीही घरी बनवतो.

आता जे कोणत्याच कपाटात नसतं ते. आमचे मैदानावरचे काका निवृत्त झाले आणि पुढच्याच स्पर्धेला ४०० मीटरचा ट्रॅक आखता येईना. माप सगळ्यांना पाठ: सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५०. पण वळणांच्या मध्यबिंदूंवर पुरलेल्या लोखंडी खुंट्या कुठे आहेत, ते फक्त काकांना ठाऊक. टेप आणि फक्की घेऊन आम्ही दोन दिवस काढले, शेवटी त्यांनाच रिक्षाने आणलं. तेव्हा ते चालत असताना मोबाईलवर व्हिडिओ केला. पावसात पाणी कुठे साचतं, रोलर कधी फिरवायचा, तेही विचारून घेतलं. तुमच्याकडे कुणाची निवृत्ती जवळ आली असेल तर हे काम स्कॅनिंगच्याही आधी उरका.

पहिली खुंटी कडुनिंबापासून अकरा पावलांवर निघाली. पावलं काकांची, आणि काका सहा फुटी. म्हणून व्हिडिओखाली अंतर मीटरमध्येही लिहून ठेवलंय.