‘संशयकल्लोळ’ बसवायचंय? आधी तसबिरीचं बघा

गणेशोत्सवात किंवा वार्षिक कार्यक्रमात गो. ब. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ करायचं ठरलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी मंडळांत पहिली चर्चा होते ती गाणाऱ्या नायकाची, अश्विनशेठची. गळा लागतोच, पण हे नाटक उभं राहतं कोणाला काय दिसलं यावर. प्रेक्षकाला सगळं दिसायला हवं, पात्राला अर्धंच. तालमीचा निम्मा वेळ यावर घाला.

तसबीर फिरते कशी, ते आधी सगळ्यांना पाठ हवं. चक्कर आलेल्या रेवतीला, म्हणजे अश्विनशेठच्या प्रेयसीला, फाल्गुनराव सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तिथंच पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती बघत असताना फाल्गुनराव तिला गाठतो. पुढं तीच तसबीर फाल्गुनरावाकडं बघून अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो. एका पुठ्ठ्यावर दोन जोडपी विस्कटतात.

म्हणून तो पुठ्ठा नीट करा. जुन्या कॅबिनेट फोटोच्या मापाचा, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच, जाड आणि पांढऱ्या कडेचा. काच नको, दिव्याची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. पातळ कागद तर मुळीच नको, मांडवातल्या पंख्यानं उडून विंगेत जातो आणि कृत्तिका मोकळ्या जमिनीकडं बघत राहते. तशीच दुसरी प्रत विंगेत ठेवा. फोटो तुमच्याच अश्विनशेठचा, फेटा बांधलेला.

कृत्तिकेसाठी एका बाजूला अडीच फूट उंचीवर खिडकी करा. रेवती रंगमंचाच्या मध्यापासून थोडी पुढं, खिडकीच्या बाजूला कोसळू दे. फाल्गुनरावानं तिचं डोकं डाव्या हातावर घ्यावं, तोंड प्रेक्षकांकडं, आणि खिडकीकडं पाठ. त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर टेकला की मगच कृत्तिका खिडकीत. आधी आली तर तिला चक्कर दिसते, मग संशय कसला? दिसल्यावर दोन मात्रा गप्प. हशा तिथंच येतो, वाक्यावर नाही.

फाल्गुनरावाला विदूषक करू नका. हौशी प्रयोग बहुतेक इथंच घसरतात. तो मनापासून जळतोय, म्हणून लोक हसतात. थट्टेची मोकळीक त्याच्या नोकराला, भादव्याला द्या. त्याच्या तोंडी आपल्याकडचं ‘या की ओ’, ‘नाही ओ’ शोभतं. बाकीच्यांची भाषा देवलांचीच ठेवा. देवल शिकले बेळगावातच, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली, त्यामुळं ही भाषा आपल्याला परकी नाही. तिला घाई मात्र सोसत नाही.

रेवती नायकिणीच्या घरातली, आणि अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचंय. १९१६ साली हे संगीत नाटक रंगमंचावर आलं तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. तिला नखरेल केलंत तर त्याचा संशय खरा वाटू लागतो आणि नाटकच उलटं पडतं. तिला जरीकाठी नऊवारी, पण रंग शांत. कृत्तिकेला ठसठशीत इरकली, टोपपदराची. दोघींचे रंग लांबून वेगळे दिसलेच पाहिजेत.

पदं आठ-दहा ठेवा. सगळी घेतली तर रात्री अकरानंतर मांडव रिकामा. अश्विनशेठ पेटीच्या काळी एक पट्टीत आणि रेवती काळी पाचला गात असेल तर दोन तबले लावून ठेवा. मध्येच हातोडी ठोकत बसलात की प्रवेश मेला. आपल्याकडच्या भाद्रपदातल्या पावसात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सूर उतरतो, तेव्हा मध्यंतरात दोन्ही तबले साठ वॅटच्या पिवळ्या बल्बजवळ ठेवावेत.

शेवटच्या उलगड्यात कोणी काय पाहिलं ते एकेक बाहेर येतं. इथं तसबीर ज्याच्या हातात, त्यानंच बोलावं आणि ती छातीच्या उंचीवर धरावी. अश्विनशेठ-रेवतीचं जुळतंय म्हणून सगळा उजेड त्यांच्यावर टाकू नका. फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघंही त्याच उजेडात हवीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर.