झोन व्हॉल्व्हची मोटर बदलताना: आधी लिव्हर हाताने ढकलून बघा

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरात हीटिंग पहिल्यांदा लावायची वेळ येते आणि नळाला कढत पाणी असूनही रेडिएटर गारच राहतात. थर्मोस्टॅट वर नेला की तो टक् करतो, पण बॉयलर काही पेटत नाही. घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल, तर अशा वेळी पहिला संशय टाकीच्या कपाटातल्या झोन व्हॉल्व्हवर घ्यावा, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या मोटरच्या व्हॉल्व्हवर. उन्हाळाभर हीटिंगच्या व्हॉल्व्हला कामच नसतं, म्हणून तो गेलाय हे थंडी पडल्यावरच कळतं.

इथे हनीवेलचा दोन तोंडांचा व्ही-4043-एच धरला आहे, कारण जुन्या-नव्या घरांत तोच सर्रास दिसतो. पाइपवर पितळी अंग आणि त्यावर मुठीएवढा चंदेरी डबा. डब्यात 230 व्होल्टची छोटी मोटर, एक दातेरी पट्टी, एक स्प्रिंग आणि एक मायक्रोस्विच. मोटर पट्टी फिरवते, खाली पितळी अंगात दांडीवर बसवलेला रबरी गोळा तोंडावरून बाजूला होतो आणि पाणी वाहू लागतं. शेवटच्या टप्प्यात मायक्रोस्विच दाबला जातो आणि तेव्हाच बॉयलरला ‘पेट’ असा निरोप मिळतो. बंद करायचं काम मोटरकडे नाही. वीज गेली की स्प्रिंगच ते करते. म्हणजे हीटिंग चालू असेपर्यंत ही मोटर स्प्रिंगला रेटत, जागच्या जागी अडून, विजेवर तशीच उभी असते. म्हणून ती कायम तापलेली असते आणि काही वर्षांनी जळते.

मोटर मागवण्याआधी दोष नक्की तिचाच आहे ना, हे पाहून घ्या. डब्याच्या बाजूला एक लिव्हर असतो. हीटिंग बंद असताना तो हळूहळू ढकला. निरोगी व्हॉल्व्हमध्ये हाताला घट्ट, एकसारखा विरोध जाणवतो आणि सोडल्यावर लिव्हर गुरगुर करत सावकाश परत येतो. तो आवाज उलट्या फिरणाऱ्या गिअरचा. आता थर्मोस्टॅट पूर्ण वर करून साधारण 20 सेकंद थांबा आणि लिव्हर पुन्हा हलवून बघा. व्हॉल्व्ह उघडला असेल तर लिव्हर सैल, लुळा लागतो. अजूनही तेवढाच घट्ट असेल, तर मोटर हललेली नाही.

पण मोटर हलली नाही म्हणजे ती मेलीच असं नाही. तिच्यापर्यंत वीज येते का? डब्यातून पाच वायरी निघतात. तपकिरी म्हणजे मोटरचा फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. करड्या वायरीवर कायम फेज असतो आणि नारिंगी वायर मायक्रोस्विचमधून बॉयलरकडे जाते. भारतातली सवय इथे घात करते: आपल्याकडे थ्री-फेजमध्ये निळी वायर फेजची आणि न्यूट्रल काळी असते, इथे निळी न्यूट्रल आहे. हीटिंग मागत असताना जोडणीच्या पेटीत तपकिरी आणि निळीच्या मध्ये 230 व्होल्टच्या आसपास दिसले आणि व्हॉल्व्ह तरी हलला नाही, तर दोष डब्यातला. काहीच दिसलं नाही तर दोष थर्मोस्टॅट किंवा टायमरकडे, आणि नवी मोटर बसवून हाती काही लागणार नाही. हे मोजमाप चालू विजेवर होतं. त्याची सवय नसेल तर एवढ्यापुरता इलेक्ट्रिशियन बोलवा.

मोटर फिरते, लिव्हर सैल पडतो, पण बॉयलर पेटत नाही? मग बहुधा मायक्रोस्विच गेलेला आहे. उलट, कुणीही मागत नसताना बॉयलर चालूच राहत असेल तर मायक्रोस्विच चिकटलेला असू शकतो. दोन्ही वेळा अख्खा वरचा डबाच बदललेला बरा.

आता काम. हीटिंगचा फ्यूज असलेला स्विच शोधा. बहुधा कपाटाजवळ किंवा बॉयलरशेजारी पांढरी चौकोनी पट्टी असते, आत 3 अँपिअरचा फ्यूज. स्विच बंद करा, फ्यूज बाहेर काढा आणि खिशात ठेवा. टायमर बंद केला म्हणजे झालं, ही समजूत धोक्याची आहे: करड्या वायरीवर कायम वीज असते, आणि दोन व्हॉल्व्ह असतील तर दुसऱ्यामुळे नारिंगीवरही येऊ शकते. डबा उघडला की दोन टोकांच्या टेस्टरने प्रत्येक वायर तपासा. टेस्टर आधी आणि नंतर चालू जागी लावून तोच ठीक असल्याची खात्री करा. दिवा लागणारा पेचकस-टेस्टर घरोघरी असतो, पण ‘वीज नाही’ हे सांगायला तो विश्वासाचा नाही.

झाकणाचा स्क्रू काढून झाकण वर उचला आणि फोनवर दोन फोटो घ्या. मोटर म्हणजे गोल चपटा धातूचा डबा. तिला दोन बारीक वायरी असतात आणि त्या तपकिरी व निळीला टोपीसारख्या जोडांनी जोडलेल्या असतात. हे दोन जोड तेवढे सोडवायचे, करड्या आणि नारिंगीला हात लावायचा नाही. जोड दाबून बसवलेले असतील तर जोडाला लागून कापा, म्हणजे डब्यातल्या वायरीची लांबी वाचते. तिथे जागा मुळातच तोकडी.

जुनी मोटर काढण्याआधी तिच्यावरचं लेबल वाचा. नवीवर तेच व्होल्टेज, तीच गती आणि फिरण्याची तीच दिशा हवी. दिशा चुकली तर मोटर नुसती गुणगुणत अडून बसते. लिव्हर थोडा सरकवून धरा, म्हणजे दातांवरचा स्प्रिंगचा भार उतरतो. मग मोटरचा स्क्रू काढून ती खाचेतून बाजूला काढा.

इथे घाई करू नका. मोटर बाहेर असताना लिव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा हलवा. आता फक्त स्प्रिंगचा विरोध असायला हवा, आणि सोडताच लिव्हर झटकन परत यायला हवा. तो अडखळत, रेंगाळत आला तर खालचा दांडा अडकतोय. रेडिएटरमधल्या लोखंडाचा काळा गाळ त्यात साचलेला असतो. पहिली मोटर बहुधा त्याच ओझ्याने जळली, आणि दुसरीही तशीच जाईल. डब्याखाली हिरवट-पांढरा थर किंवा ओल दिसली तर दांड्याच्या सीलमधून पाणी गळतंय. या दोन्ही अवस्थांत अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागतो, त्यासाठी पाणी उतरवावं लागतं, आणि ते काम प्लंबरचं. नुसती मोटर बदलताना मात्र पाण्याचा थेंबही काढावा लागत नाही.

वरचा अख्खा डबा बदलायचा असेल तर झाकणावर हात फिरवा. छोटा उंचवटा लागला तर डबा पाणी न काढता निघतो. उंचवटा नसलेल्या जुन्या मॉडेलचे खालचे स्क्रू सोडलेत तर कपाटात पाणी होईल.

नवी मोटर खाचेत बसवा, तिचं छोटं चाक पट्टीच्या दातांत अडकू द्या. अडकत नसेल तर जोर न लावता लिव्हर केसभर हलवा, ते आपोआप बसतं. स्क्रू आवळा. मोटरची एक वायर तपकिरीला, दुसरी निळीला जोडा. मोटरच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असतील तर कुठली कुठे याने फरक पडत नाही. प्रत्येक जोड हलकेच ओढून बघा. वायरी चाकापासून दूर वळवा. झाकणाखाली चिरडलेली वायर हे नंतर फ्यूज उडण्याचं एक नेहमीचं कारण.

झाकण लावून फ्यूज घाला आणि थर्मोस्टॅट वर करा. 20 सेकंदांत लिव्हर सैल पडला, बॉयलर पेटला आणि व्हॉल्व्हच्या पलीकडचा पाइप तापू लागला, की मोटर लागली. मग थर्मोस्टॅट खाली आणा. काही सेकंदांत लिव्हर पुन्हा घट्ट व्हायला हवा. त्यानंतर पंप थोडा वेळ चालू राहिला तर घाबरू नका, बऱ्याच बॉयलरांत तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. शेवटी लिव्हर ‘मॅन्युअल’च्या खाचेत अडकून राहिलेला नाही ना ते पाहा, तसा राहिला तर नळासाठी पाणी तापवतानाही रेडिएटर तापतात.

टाकी आणि रेडिएटर दोन्हीकडे एकट्याने पाणी वळवणाऱ्या तीन तोंडांच्या व्हॉल्व्हची मोटर याच रीतीने बदलते, पण वायरी वेगळ्या: पांढरी हीटिंगची, करडी ‘गरम पाणी नको’ची. हीटिंग बंद झाल्यावरही करडीवर वीज राहिली तर मोटर रात्रभर तशीच अडून तापते. दिवसाच्या शेवटी टायमरवर गरम पाण्याला काही मिनिटं दिली की स्प्रिंग तिला मोकळं करते.

घर भाड्याचं असेल तर यातलं काहीच करू नका. इंग्लंडमध्ये 1985च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम 11 नुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं सहसा मालकाकडे असतं. आणि घर स्वतःचं असलं तरी बॉयलरचं गॅसचं काम ‘गॅस सेफ’ या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाचंच.