मांस मोजायचं कच्चं की शिजलेलं?

२०० ग्रॅम चिकन मोजून तव्यावर टाका आणि शिजल्यावर पुन्हा काट्यावर ठेवा. आकडा १५० च्या आसपास आलेला दिसेल. मधले ५० ग्रॅम म्हणजे बहुतेक पाणीच, तव्यात चुरचुरत वाफ होऊन गेलेलं. प्रथिनं जवळपास सगळी तुकड्यातच राहिलेली असतात. आहाराची नोंद चुकते ती नेमकी इथे.

बिनकातडीच्या कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅममागे साधारण १२० कॅलरी आणि २२-२३ ग्रॅम प्रथिनं असतात. भाजलेल्यात १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम. आता समजा, तुम्ही १५० ग्रॅम शिजलेलं खाल्लंत आणि आहाराची नोंद ठेवायच्या ॲपमध्ये कच्च्याची नोंद निवडलीत. पोटात गेली सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं, वहीत आली ३४. रोज असं झालं तर आठवड्याचा हिशोब पार कोलमडतो. म्हणून वजन ज्या अवस्थेत केलं, नोंदही त्याच अवस्थेची निवडायची.

माझं मत विचाराल तर जमेल तेव्हा कच्चंच मोजा. किती पाणी आटेल हे आचेवर, वेळेवर आणि तुकड्यांच्या आकारावर ठरतं, त्यामुळे शिजलेल्याचं वजन रोज बदलतं.

एकट्यासाठी शिजवताना

मांस फ्रीजरमधलं असेल तर आधी पूर्ण वितळू द्या, सुटलेलं पाणी ओतून टाका आणि तुकडे कोरडे टिपून घ्या. काटा सपाट ओट्यावर ठेवा, त्यावर ताटली ठेवून आकडा शून्यावर आणा, मग मांस ठेवा. ग्रॅम लगेच लिहून ठेवा, कारण मसाला लावेपर्यंत आकडा हमखास विसरतो. कच्चं मांस थेट काट्यावर ठेवू नका. मोजून झालं की ताटली आणि हात साबणाने धुवा, आणि शिजलेलं मोजायला दुसरी ताटली घ्या.

सगळ्यांसाठी एकत्र शिजवताना

खरी अडचण इथे येते. पातेल्यातलं आपल्या वाट्याचं कच्चं मांस नेमकं किती, हे कसं कळणार? त्यासाठी एकच भागाकार पुरतो. समजा कच्चं १००० ग्रॅम होतं आणि शिजल्यावर सगळे तुकडे मिळून ७४० ग्रॅम भरले. १००० भागिले ७४० म्हणजे १.३५. तुमच्या ताटात १८५ ग्रॅम आलं, तर १८५ गुणिले १.३५, म्हणजे २५० ग्रॅम कच्चं. नोंद त्याचीच करा. रस्सा असेल तर पातेल्यातले आणि ताटातले, दोन्ही वेळा तुकडे निथळून मोजा, नाहीतर रश्शाचं वजन मांसाच्या नावावर चढतं.

तेलाची नोंद मात्र वेगळी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि ते मांसाच्या कुठल्याच आकड्यात धरलेलं नसतं. चरबीचा कीमा परतून सुटलेली चरबी ओतून देत असाल, तर कच्च्याच्या नोंदीत कॅलरी खाल्ल्यापेक्षा जास्त दिसतील. तिथे 'शिजवून चरबी काढलेला' अशी नोंद मिळाली तर ती घ्या.

हाडाचं मांस असेल तर ताटातलं वजन करा, जेवण झाल्यावर उरलेली हाडं मोजा आणि वजा करा. उरलेला आकडा 'शिजलेलं, बिनहाडाचं' म्हणून टाका.

ॲपमधल्या बऱ्याच नोंदींवर कच्चं की शिजलेलं हे लिहिलेलंच नसतं. तेव्हा १०० ग्रॅममागची प्रथिनं बघा. चिकन ब्रेस्टला २२-२३ दिसली तर नोंद कच्च्याची, ३० च्या आसपास असली तर शिजलेल्याची. दोन्हींच्या अधलामधला आकडा असेल तर ती नोंद सोडून दुसरी शोधा.

रोज त्याच पद्धतीने शिजवत असाल तर तीन-चार वेळा हा भागाकार करून सरासरी काढा आणि फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा. कच्चं मोजायचं राहून गेलं, तर त्या आकड्यावर काम भागतं.