त्रिकोणनाने नकाशाचा सांगाडा कसा उभारावा

मोठ्या प्रदेशाचे तुकडे मोजून शेजारी शेजारी जोडत गेलात, तर प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात जाते आणि शेवटी कडा जुळत नाहीत. म्हणून आधी सांगाडा, मग तपशील. त्रिकोणन म्हणजे एक बाजू आणि कोन मोजायचे, बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा मोजली आणि त्यावरून त्रिकोणांची साखळी पुढे नेली, ती याच हिशेबाने. आज हे काम उपग्रह संकेतांवर होते, पण टेप आणि थिओडोलाइट (कोन मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र) घेऊन एकदा तरी करून पाहावे.

आधी पायी फिरून स्टेशने, म्हणजे त्रिकोणांची टोके, निवडा. एकमेकांना दिसणारी, उंचावरची जागा हवी. त्रिकोणाचा कोणताही कोन ३०° पेक्षा लहान किंवा १२०° पेक्षा मोठा नको. ज्ञात बाजूसमोरचा कोन ६०° असेल आणि तो मोजताना १० सेकंद (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चुकलात, तर काढलेल्या बाजूत किलोमीटरमागे जेमतेम ३ सेंमीचा फरक पडतो. तोच कोन १०° असेल तर साडेसत्तावीस सेंमीचा. नजरेला त्रिकोण बारीक दिसला की स्टेशन हलवा, कितीही सोयीचे असले तरी.

आता आधाररेषा, म्हणजे टेपने मोजायची पहिली बाजू. सपाट जागेवर ३०० मीटर पुरे. थिओडोलाइटने सरळ रेषा धरून दर ३० मीटरला खुंटी ठोका, माथ्यावर बारीक खूण करा. पोलादी टेप ताणकाट्याने ५० न्यूटनवर ओढा, दोन्ही टोके एकाच वेळी वाचा आणि तापमान लिहा. ते टेपचे घ्या, हवेचे नव्हे. उन्हातला टेप हवेपेक्षा बराच तापतो. मग दुरुस्त्या. २०° ला प्रमाणित केलेला ३० मीटरचा टेप ३५° ला ५ मिमी लांबतो, म्हणजे वाचन कमी येते, इतके मिळवा. अधांतरी टेप झोळ घेतो: मीटरला ०.१५ न्यूटन वजन असेल तर ३० मीटरला १० मिमी वजा. दोन खुंट्यांत १ मीटरचा चढ असेल तर आणखी १७ मिमी वजा. घोळ होतो तो चिन्हांत, आकड्यांत क्वचितच. उलट दिशेने पुन्हा मोजा. फरक १५ मिमीपेक्षा जास्त आला तर पुन्हा. तापमानाची कटकट लॅम्बटननंतर हे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या वापरून टाळली. दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पण पट्टीवरच्या खुणांतले अंतर तेच राहते.

कोन मोजताना ओळंबा स्टेशनच्या खुणेवर आणा, बुडबुडा मध्यावर आणा, पॅरॅलॅक्स (डोळा हलवला की निशाण दुर्बिणीतल्या तारेवरून सरकल्यासारखे दिसणे) काढा. प्रत्येक कोन यंत्राचे उभे वर्तुळ डावीकडे (फेस लेफ्ट) आणि दुर्बीण उलटवून उजवीकडे (फेस राइट) ठेवून घ्या, सुरुवातीचे वाचन बदलून चार वेळा: ०°, ४५°, ९०°, १३५°. फेस बदलल्याने दृष्टिरेषेची आणि आडव्या अक्षाची चूक सरासरीत जाते. यंत्राचा उभा अक्षच कललेला असेल तर मात्र ती चूक तशीच राहते; म्हणून बुडबुड्यावर डोळा ठेवा. दुपारी तापलेल्या जमिनीलगत निशाण थरथरते, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी काम करा. एव्हरेस्टची माणसे याच कारणाने रात्री दिवे लावून निरीक्षण करत.

तिन्ही कोनांची बेरीज १८०° यायला हवी. २० सेकंदांपर्यंत वाचता येणाऱ्या यंत्रावर ३० सेकंदांहून अधिक फरक आला तर पुन्हा मोजा. त्याहून कमी असेल तर तिघांत समान वाटा. मोठ्या त्रिकोणात पृथ्वीच्या गोलाईमुळे बेरीज खरोखरच वाढते, सुमारे २०० चौ. किमीला १ सेकंद. ती चूक समजून वाटू नका.

मग साइन सूत्र. आधाररेषा ३०० मीटर, तिच्यासमोरचा कोन ४८°, दुसरा ६५°. त्या ६५° समोरची बाजू = ३०० × साइन ६५° ÷ साइन ४८° = ३६५.८७ मीटर. हीच बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा.

साखळीच्या शेवटी एक बाजू टेपने प्रत्यक्ष मोजा. लॅम्बटननेही बंगळूरजवळ अशीच दुसरी आधाररेषा मोजली होती. गणिताने आलेली लांबी आणि टेप जुळत नसतील, तर आधी दुरुस्त्यांची चिन्हे तपासा, मग साखळीतला सर्वांत बारीक त्रिकोण.