कर्मचारी हँडबुक लिहायला घेताना

दुसऱ्या कंपनीचं तयार हँडबुक घ्यायचं, नाव बदलायचं आणि छापायचं, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागात पडणारा मार्ग. कारण पुस्तिकेतलं वाक्य म्हणजे दिलेला शब्द. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हेच सांगितलं: नोकरीवरून सबळ कारणाशिवाय काढणार नाही असा अर्थ पुस्तिकेतून निघत असेल आणि 'हा करार नाही' असं ठळक छापलेलं नसेल, तर मालकाला ते पाळावं लागू शकतं.

म्हणून आधी कोरा कागद घ्या आणि आज प्रत्यक्षात काय चालतं ते लिहा. रजा कोण मंजूर करतं? ओव्हरटाइम कसा मोजतात? मग प्रत्येक मुद्द्यासमोर, कर्मचारी जिथे काम करतो तिथला कायदा काय म्हणतो ते मांडा. दोन्हींत तफावत दिसली तर आधी पद्धत सुधारा, मग पुस्तिका लिहा.

भाषा साधी ठेवा. 'रजेचा अर्ज वेळेत द्यावा' यातून काहीच कळत नाही. 'तीन दिवसांहून मोठ्या रजेचा अर्ज दोन आठवडे आधी द्या. आजारपणात त्याच दिवशी कळवा' हे कळतं.

छळाच्या तक्रारीचं प्रकरण लिहिताना मात्र घाई करू नका. तक्रार घ्यायला किमान दोन माणसं हवीत. तक्रार साहेबांविरुद्धच असेल तर साहेबांकडे कोण जाणार? नियम ऑफिसच्या भिंतींपुरताही नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या छळविरोधी करारात कामानिमित्तचा प्रवास, कार्यक्रम आणि कामाचे ऑनलाइन संदेशही येतात.

'पगाराची चर्चा करू नये' हे वाक्य सवयीने घुसतं. अमेरिकेत १९३५ च्या कामगार संबंध कायद्यामुळे बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांवर अशी बंदी घालता येत नाही. आपल्याकडचा नियम तपासल्याशिवाय ते ठेवू नका. मसुदा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवायचा तो याचसाठी.

वाटताना प्रत्येकाकडून तारखेसह पोच घ्या. वर्षातून एकदा, आणि कायदा बदलला की लगेच, पुस्तिका उघडा; काय बदललं ते पहिल्या पानावर आवृत्तीच्या क्रमांकासह लिहा. जुन्या आवृत्त्या फेकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या घटनेवर वाद झाला, तर तेव्हा कोणता नियम लागू होता हे त्याच प्रतीवरून दाखवावं लागेल.